आतलं आत, बाहेरचं बाहेर

माझ्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, अळिंबीच्या खोलीत शिरायचं तर आधी चपला बाहेर काढाव्या लागत. मग कोपरापर्यंत हात धुवायचे, आतल्या सपाता घालायच्या, खुंटीवरचा आतला झगा चढवायचा आणि दार उघडताना बडबड बंद ठेवायची. वन्संच्या मते माणसाच्या तोंडातून जेवढी घाण बाहेर पडते तेवढी गटारातूनही पडत नाही.

"यात शिव्या धरल्यास का?" भावोजींनी एकदा विचारलं होतं.

"तुमच्या धरल्या तर गटार परवडलं."

भावोजी म्हणजे वन्संचे यजमान. उभा जन्म त्यांनी शहराची बस चालवली. घरात मात्र कुठे वळायचं, कुठे थांबायचं, ते वन्संच सांगत.

वन्सं माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हाच हा शब्द जुना झाला होता. मी तो थट्टेने वापरला आणि तो चिकटला. त्या तेव्हा गणवेश शिवायच्या कारखान्यात कॉलर बसवत. दिवसभर नुसत्या कॉलरी. रस्त्यावरून शाळेची पोरं जाताना दिसली की त्या चेहरा बघायच्या आधी मान बघत. एखादी कॉलर वाकडी असली तर म्हणत, "ही आमची नव्हे."

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका मशीन मिळावं म्हणून भांडत होत्या. वन्संनी फक्त आपली कात्री मागून आणली. महिनाभर त्या घरात बसल्या आणि त्या महिन्यात आमच्या सगळ्यांच्या पडद्यांना, उशांना आणि सोफ्याला नवी कापडं आली. मग कुठूनतरी त्यांना कळलं की शेतकी शाळेत अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायला शिकवतात. त्या गेल्या आणि येताना हातात बियाण्याची पिशवी घेऊनच आल्या.

पहिल्या पिशव्या त्यांनी न्हाणीघरात टांगल्या, कारण घरात तीच खोली ओली आणि अंधारी होती. भावोजी कित्येक दिवस बस डेपोतल्या नळावर अंघोळ करत होते. डेपोतल्या लोकांना वाटलं, यांचं घरी काहीतरी बिनसलंय. एकाने तर समजूत घालायला घरी यायची तयारी दाखवली. "बायकोने घराबाहेर काढलं नाही," भावोजींनी त्याला सांगितलं, "फक्त न्हाणीघराबाहेर काढलंय. तिथे तिची दुसरी मंडळी राहतात."

पहिला घोस उगवला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. पांढऱ्या पडलेल्या गव्हाच्या काडाच्या पिशवीला कापलेल्या फटीतून राखाडी रंगाचे कान फुटले होते, एकावर एक. माझी लेक तेव्हा कडेवर होती. तिने त्याला हात लावला आणि म्हणाली, "ऐकतंय."

त्यानंतर वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीमागच्या तीन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या. पहिल्या खोलीत काड कापायचं, गरम पाण्यात भिजवायचं, निथळवायचं आणि बियाण्याबरोबर थर देऊन पिशव्यांत भरायचं. दुसरी खोली अंधारी. तिथे पिशव्या पांढऱ्या होईपर्यंत निवांत टांगलेल्या. तिसऱ्या खोलीत उजेड, पाण्याचा फवारा आणि पीक. या धंद्यातला खरा शत्रू म्हणजे दुसरी बुरशी, हिरवी. ती एकदा एका पिशवीवर बसली की आठवड्यात खोली खाते. ती येते बाहेरून: चपलेला, कपड्याला, केसांना चिकटून. म्हणून तो नियम. आतलं आत राहायचं, बाहेरचं बाहेर. झगे आत, टोप्या आत, सुऱ्या आत, फडकी आत. धुवायची ती आतल्याच नळाखाली, वाळवायची ती आतल्याच खुंटीवर. वन्संचा नवरा, भाऊ, भावजय यांपैकी कुणालाही सूट नव्हती. एकदा आरोग्य खात्याचा तपासनीस बुटांसकट आत निघाला तेव्हा त्यालाही त्यांनी दारात उभं करून हात धुवायला लावले. त्याने शेरा लिहिला की स्वच्छता अतिशय उत्तम. वन्सं म्हणाल्या, "माझी की त्याच्या हातांची?"

माझं त्या खोल्यांशी फारसं पटलं नाही, आणि त्याचं कारण माझी लेक. लहानपणी तिची छाती वाजायची. धूळ, पीस, जुनी पुस्तकं, काहीही पुरायचं. त्या वर्षांत मी जी सवय लावून घेतली ती अजून सुटलेली नाही. घरात कुठलंही कापड आणण्याआधी मी ते खिडकीतल्या उन्हात धरून झटकते आणि बघते. उन्हात धूळ लपत नाही. माझा नवरा म्हणतो, कापडालाच आता माझी धास्ती बसलीय. अशा मुलीला तिची आत्या बुरशीच्या खोलीत घेऊन बसायची आणि मी बाहेर पायरीवर जीव मुठीत धरून. "अगं, हिला इथे खोकलासुद्धा येत नाही," वन्सं आतून ओरडायच्या. ते खरंच होतं, पण आईच्या काळजीला खऱ्याखोट्याशी काय देणंघेणं?

लेक मोठी झाली, छाती सुधारली, आणि शिकून तिने काम निवडलं ते नेमकं बुरशीवरच. ती प्रयोगशाळेत यीस्ट वाढवते आणि त्याच्यावर माणसाच्या रक्तातल्या पेशी सोडून काय होतं ते बघते. आत्याला स्वतःचं मूल नाही. तिला ही निवड म्हणजे आपल्या घराण्याचा विजय वाटला. मी मात्र चार दिवस जेवले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी वन्संना संध्याकाळी कणकण येऊ लागली. दुपारी खोलीतून बाहेर पडल्या की दिवेलागणीला अंग मोडून यायचं, हुडहुडी भरायची, कोरडा खोकला सुटायचा. सकाळी बऱ्या. "वय झालं," त्या म्हणाल्या. नंतर माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन झालं म्हणून त्या मदतीला आमच्याकडे राहायला आल्या आणि तिथे त्यांना ताप आला नाही, खोकला आला नाही. उलट जिने चढून भाजी आणत होत्या. परत गेल्या त्याच संध्याकाळी दोन पांघरुणं घेऊन झोपल्या.

"माझ्या हातचं बाधलं नाही, घरचं बाधलं," मी म्हटलं. मी थट्टाच करत होते, पण भावोजींचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ते त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर कमी बोलणारे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" उत्तर ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. स्कॅन काढलं. फुप्फुसं काळी दिसायला हवीत, ती ठिकठिकाणी धुरकट होती, आरशावर वाफ धरावी तशी. हा संसर्ग नव्हता. अळिंबी पिकवणाऱ्यांना होणारा हा एक ठरलेला आजार. अळिंबी पूर्ण उघडली की तिच्यातून बीजाणू उडतात, नजरेला न दिसणारे. ते वर्षानुवर्षं छातीत जातात आणि कुणाकुणाचं शरीर त्यांच्यावर चिडतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "आत जाताना मास्क हवाच. तरी त्रास वाढला तर काम सोडावं लागेल."

वन्संच्या खोलीत बीजाणूंचा तोटा नव्हता. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे हॉटेलांचे आचारी, आणि आचाऱ्यांना हवी मोठी, पसरलेली, कडा चुणीदार झालेली अळिंबी. छोटी, कडा आत वळलेली असतानाच तोडली तर उडायला फार काही नसतं. वन्सं मात्र ती पूर्ण फुलू देत. सकाळी तिसऱ्या खोलीचं दार उघडलं की दिव्याखाली धुरासारखं काहीतरी तरंगत असायचं. "श्वास सोडतायत," वन्सं कौतुकाने म्हणायच्या.

त्या रविवारी लेकीने आत्याला सगळं समजावून सांगितलं. मी भाजी निवडत होते आणि ऐकत होते.

"आत्या, बुरशीच्या प्रत्येक पेशीला भिंत असते. आपल्या पेशींना नसते. ती भिंत साखरेच्या लांब साखळ्यांनी विणलेली असते."

"साखरेच्या? म्हणजे गोड?"

"गोड नाही. साखरेचे दाणे एकमेकांत इतके घट्ट गुंतलेत की जिभेला पत्ता लागत नाही. पण आपल्या शरीरात तशी वीण कुठेच नाही. म्हणून आपल्या रखवालदार पेशींनी तीच खूण धरून ठेवलीय. त्यांच्या अंगावर हातांसारखं काहीतरी असतं. त्या हाताला ती वीण लागली की त्यांना कळतं, हे घरचं नाही."

"मग आरडाओरडा."

"आरडाओरडा, मदतीला बोलावणं, सूज, ताप. सगळं त्यातून. आणि बुरशीही काही कमी नाही. माझं यीस्ट त्या साखरेवर दुसऱ्या साखरेचा थर पांघरतं, कोटासारखा. रखवालदाराचा हात कोटावरून फिरतो आणि त्याला संशय येत नाही. कोट कुठे विरला तरच आतलं दिसतं."

"कोट उसवला, अस्तर दिसलं, की बोंब," वन्सं म्हणाल्या. कॉलरी बसवलेल्या बाईला हे पटकन कळलं. "आणि तुझं काम काय? उसवायचं?"

"उसवायचं आणि कोण किती बोंबलतं ते मोजायचं."

"याचा पगार मिळतो?"

"फारसा नाही."

भावोजी मध्येच म्हणाले, "पण मग ती पूड?" वन्सं उरलेली अळिंबी वाळवून पूड करत, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार ती प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून विकत असे. लोक रांगेने नेत.

"तीच साखर," लेक म्हणाली. "पोटात गेली तर बरीचशी तशीच बाहेर पडते. आतड्यातल्या पेशी थोड्या चाळवतात, त्याने कुणाचं किती भलं होतं यावर अजून वाद आहेत. पण तीच साखर रोज छातीत गेली तर तिथे रोज दंगल. शेवटी रखवालदारच घराची मोडतोड करतात."

वन्संनी माझ्या पुढ्यातली मूठभर भाजी ओढून निवडली. मग म्हणाल्या, "म्हणजे गावाला प्रतिकारशक्ती विकली आणि जास्तीची माझ्याच अंगात उरली."

त्याच दुपारी त्यांनी मास्क शिवला. बाजारातला घ्या, असं मी सांगून पाहिलं. "बाजारातल्याला शिलाई असते का?" त्यांनी चार पदर घेतले, मध्ये कॉलरचं कडक कापड घातलं, नाकावर बसायला वाकवलेली पट्टी, मागे दोन नाड्या. खरोखर सुबक होता. शिवाय तो ओला करून वापरायचा असं त्यांनी ठरवलं, कारण ओल्या फडक्याला धूळ चिकटते हे कुणालाही कळतं. भावोजींनी त्याला नाव दिलं मुसकं. "बैलाला घालतात तसं. फरक एवढाच की बैल गप्प बसतो."

वन्संनी मुसकं एक दिवस चुकवलं नाही. आचाऱ्यांशी भावसुद्धा त्या आतूनच, ते बांधून करत, आणि आचारी म्हणत, बाई आता जास्तच कडक झाल्या, चेहऱ्यावरून काही कळत नाही.

पण त्रास वाढला. हे कुणालाच समजेना. आधी संध्याकाळचा ताप आठवड्यातून दोनतीनदा यायचा, आता रोज. आधी त्या काडाचं पोतं एकटीने ओढत, आता दोन वाक्यांमध्ये थांबत. आमच्याकडे आल्या की जिन्याच्या मधल्या वळणावर उभ्या राहून भिंतीवरचा रंग कुठे उडालाय ते बघत. तो रंग उडालेला नव्हता. मी वरून बघायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे, म्हणजे त्यांना वाटावं की मी पाहिलं नाही. रात्री लेकीच्या खोलीत डोकावायचे, ती झोपली असली तर तिचा श्वास ऐकायचे. पंचवीस वर्षांची मुलगी. एकदा ती डोळे न उघडता म्हणाली, "आई, चालू आहे."

दुसरं स्कॅन पहिल्यापेक्षा वाईट निघालं. डॉक्टरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. "मास्क वापरता?" "रोज." "तरी हे असं?" त्यांनी मान हलवली. मास्क असूनही वाढतंय म्हणजे छाती फारच चिडलेली आहे, आता थेंबभरही चालणार नाही. अशीच दोन वर्षं गेली तर फुप्फुसं कडक होतील आणि मग गोळ्यांनीही परत मऊ होणार नाहीत. "खोल्या बंद करा," ते म्हणाले. "तिन्ही."

लेकही सोबत होती. तिलाही दुसरं काही सुचलं नाही.

रस्त्यात वन्सं एवढंच म्हणाल्या, "ठीक आहे." घरी आल्यावर भावोजी मला हळूच म्हणाले, "भांडली असती तर मला झोप लागली असती. ही ठीक आहे म्हणाली." त्यांना कारखाना बंद झाला तो महिना आठवत होता. तेव्हा त्या तरुण होत्या, छाती धड होती, आणि तरी त्यांनी सगळ्या घराला खोळी शिवल्या होत्या. या वेळी खोळी शिवायला तरी दम पुरेल का, असं त्यांच्या मनात असावं. निदान माझ्या मनात तरी होतं.

आवराआवर करायला आम्ही एका सकाळी गेलो. वन्संना बाहेर पायरीवर बसवलं. मी वर्षानुवर्षं जिथे बसले तीच पायरी. पीक काढून झालं होतं, पिशव्या उतरवून झाल्या होत्या. लेकीने प्रयोगशाळेतला गच्च बसणारा मास्क लावला होता, मलाही एक लावला होता आणि तो चार वेळा ओढून पाहिला होता, म्हणजे मी तिचा आणि तिने माझा. भावोजी रॅकचे खिळे काढत होते.

माझ्याकडे कपडे आले. झगे, टोप्या, फडकी आणि तिसऱ्या खोलीच्या दारामागच्या खुंटीवर टांगलेलं मुसकं. शिवल्यापासून ते कधी खोलीबाहेर आलं नव्हतं. संध्याकाळी नळाखाली ओलं करून, पिळून त्याच खुंटीवर, सकाळी तिथूनच तोंडावर.

वापर थांबल्यापासून ते कोरडं पडलं होतं. मी ते हातात घेतलं आणि सवयीने दारातल्या उन्हात धरून झटकलं.

उन्हात जे उठलं त्याला धूळ म्हणत नाहीत. कुणीतरी चुलीत फुंकर मारावी तसा राखाडी लोट उठला आणि पडायचं नावच घेईना.

"आई, हलू नकोस," लेक म्हणाली. "परत झटकू नकोस. तसंच धर."

"काय झालं?" वन्सं पायरीवरून ओरडल्या.

"तू आत येऊ नकोस, आत्या! हे रात्री कुठे असायचं?"

"कुठे म्हणजे? खुंटीला. आतलं आत."

"पीक असताना? रात्रभर?"

"मग काय उशाशी घेऊन झोपू?"

भावोजींनी हातोडी खाली ठेवली. लेक मुसकं एका पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधत होती आणि कुणाकडे बघत नव्हती. मला तोवर कळलं नव्हतं. बघितलं होतं, पण कळलं नव्हतं. तिने सांगितलं तेव्हा कळलं.

रात्री अळिंबी उघडते, बीजाणू सोडते. खोली बंद. मध्ये एक ओलं, चार पदरी, सुबक शिवलेलं कापड टांगलेलं, आणि ओल्या कापडाला धूळ चिकटते हे कुणालाही कळतं. रात्रभर ते खोलीतले बीजाणू गोळा करायचं आणि सकाळी वन्सं ते नाकावर घट्ट बांधून दिवसभर त्यातूनच श्वास घ्यायच्या. मुसकं नव्हतं तेव्हा त्या खोलीतली हवा ओढत होत्या. मुसकं आल्यावर खोलीचा अर्कच ओढू लागल्या.

त्या धंद्यातला एकूण एक नियम पिशवीला माणसापासून वाचवण्यासाठी केलेला आहे. माणसाला पिशवीपासून वाचवायचा एकही नाही. वन्संनी शंभर टक्के नियम पाळला.

पायरीवर बसून हे ऐकल्यावर त्या आधी हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि खोकला थांबल्यावर म्हणाल्या, "वाईट शिवलं असतं तर वाचले असते."

"आत्या, असं नको ना बोलू."

"का? चार पदर घातले मी! एक घातला असता तर निम्मं गळून तरी गेलं असतं."

लेकीने त्या कापडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि फोटो काढून आणला. धाग्यांच्या जाळीत ठासून भरलेले लांबट दाणे, आणि त्यांतले बरेच फुगलेले. ती म्हणाली, "एका बुरशीबद्दल हे पक्कं माहीत आहे. तिचे कोरडे बीजाणू वरून मेणकापडासारखा थर घेऊन असतात. ते आपण सगळेच रोज ओढतो आणि शरीर त्यांच्याकडे काणाडोळा करतं. ओल मिळाली, दाणा फुगला, की तो थर फाटतो आणि आतली साखर उघडी पडते. मग पेशी पेटतात. तुझ्या अळिंबीचंही तसंच होतं का, मला माहीत नाही. मी तपासलेलं नाही, आणि माझ्या माहितीत कुणी तपासलेलं नाही."

"पण तुला वाटतं."

"मला वाटण्याला काही किंमत नाही, आत्या."

"आम्हाला आहे," भावोजी म्हणाले.

हे सगळं घेऊन आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते म्हणतील, अरे वा, मग प्रश्नच मिटला. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी फोटो नीट बघितला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "एवढ्या झपाट्याने का वाढलं, हे यातून कळतं. पण शरीर एकदा शिकलं की विसरत नाही. ही खूण त्यांच्या पेशींना आता पाठ झालेली आहे." आधी पूर्ण विश्रांती, खोल्यांच्या आसपासही जायचं नाही. मग पुन्हा स्कॅन. त्यानंतर बोलू.

तो काळ वन्संनी आमच्याकडे काढला. आमच्या खोळी पुन्हा बदलल्या गेल्या. पहिला आठवडा त्या मशीनवर बसून दमायच्या. नंतर दमेनाशा झाल्या आणि मला माझं शिवण कसं चुकतं ते सांगू लागल्या. ताप गेला. जिन्याच्या वळणावर त्या थांबायच्या बंद झाल्या. एकदा मीच थांबले, तर वरून आवाज आला, "रंग बघतेस का?" म्हणजे त्यांना माहीत होतं.

तिसरं स्कॅन स्वच्छ नव्हतं, पण धूर बराच विरला होता. डॉक्टरांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं त्यांच्याकडे बघत नव्हत्या, आपल्या हातांकडे बघत होत्या. ते म्हणाले, "पीक असेल त्या खोलीत तुम्ही कधीच जायचं नाही. यात तडजोड नाही. काड आणि बियाणं भरायची पहिली खोली चालेल, काड ओलं असतानाच हाताळायचं, आणि गच्च बसणारा मास्क. तो कुठे ठेवायचा?"

"बाहेर," वन्सं म्हणाल्या, शाळेतल्या पोरीसारख्या. "डब्यात."

"आणि कोरडा. दर तीन महिन्यांनी मला छाती दाखवायची. ताप परत आला तर तिन्ही खोल्या बंद, आणि मग मी ऐकणार नाही."

प्रश्न उरला तो तोडणीचा. लेकीने लगेच तोंड उघडलं आणि मी तिच्याआधी उघडलं. "तू नाही." "आई, मला मास्कची सवय आहे—" "तू नाही." यावर आमच्या घरात जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी काय काय बोलले ते लेकीला विचारलं तर ती अजून तोंडपाठ म्हणून दाखवते. शेवटी भावोजी म्हणाले, "मी तोडतो."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. या माणसाने आयुष्यात कोथिंबीर निवडली नव्हती.

"तुम्हाला घोस आणि फांदी यातला फरक कळत नाही," वन्सं म्हणाल्या.

"तू सांग ना. नाहीतरी सांगतच असतेस."

रॅक पुन्हा ठोकले. तिसऱ्या खोलीला बाहेर हवा फेकणारा मोठा पंखा बसवला. आचाऱ्यांना सांगितलं की यापुढे अळिंबी लहान मिळेल, कडा आत वळलेली, नको असेल तर दुसरीकडे घ्या. दोघे गेले, बाकीचे राहिले. तिसऱ्या खोलीच्या दाराला भावोजींनी चौकोनी भोक पाडून त्यात जाड काच बसवली आणि भोवती रबर ठासलं. दारामागची खुंटी उपटून टाकली. दोन्ही मास्क आता रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत, घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. वन्संना सुरुवातीला तो डबा बघवत नसे. आतलं असं बाहेर ठेवलेलं.

आता सकाळी मी कधी तिकडून गेले तर असं दिसतं. भावोजी काचेच्या आत, मास्क लावून, हातात वन्संची कॉलरवाली कात्री. वन्सं काचेबाहेर स्टुलावर. आवाज आरपार जात नाही, म्हणून त्या काचेवर टकटक करतात. एकदा म्हणजे ही तोड, दोनदा म्हणजे राहू दे, आणि सलग टकटक म्हणजे अहो काय करताय काय. ही तिसरी जास्त ऐकू येते. बाहेर आल्यावर भावोजी म्हणतात, "मी इतकी वर्षं बस चालवली. मागून एवढी घंटी कुणी मारली नाही."

"मारली असेल. तुम्ही थांबला नसाल."

मागच्या तपासणीला छाती तशीच होती. सुधारली नाही, बिघडलीही नाही. डॉक्टर म्हणाले की हे चांगलं आहे. मी भावोजींच्या छातीचीही चौकशी केली. तेव्हा डॉक्टर म्हणाले की त्यांचाही फोटो काढून ठेवू, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ही बाई दर वेळी कोण येते. भावोजींचा फोटो स्वच्छ आला. लेक म्हणते, सगळ्यांचं शरीर चिडत नाही, आणि कुणाचं का चिडतं हे अजून नीट कळलेलं नाही. ते कळेपर्यंत मी दर तीन महिन्यांनी दोघांसोबत जाणार आहे.

काल मी गेले तेव्हा भावोजी अगदी मागच्या रांगेतल्या घोसाशी अडले होते. कडा पसरायला लागल्या होत्या, तो आधी काढायला हवा होता, आणि त्यांना दिसतच नव्हता. वन्संनी टकटक केली. त्यांनी भलत्याच घोसाला हात घातला. पुन्हा टकटक. मग वन्सं स्टुलावरून उठल्या, काचेजवळ तोंड नेलं आणि न खोकता एक लांब "हा" केला. सगळी काच, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाफेने भरली. त्यावर बोटाने बाण काढला.

आतून भावोजींनी बाण पाहिला आणि बरोबर घोस तोडला. मग ते काचेपाशी आले आणि ती वाफ विरेपर्यंत तिथेच उभे राहिले. वन्संनी टकटक केली, एकदाच.